कर्त्याची रिकामी जागा

१० जुलै १९४१ रोजी ईशान्य पोलंडमधील येद्वाब्ने या लहानशा गावातील ज्यूंना बाजारचौकात गोळा करण्यात आले. काहींना लेनिनचा पुतळा वाहून नेण्यास भाग पाडून ठार मारण्यात आले. उरलेल्या स्त्रीपुरुषांना आणि मुलांना एका लाकडी कोठारात कोंडून जिवंत जाळण्यात आले. ही वाक्ये मराठीत सहज वाचली जातात. त्यांत कर्ता नाही, हे पहिल्या वाचनात जाणवतही नाही. येद्वाब्नेच्या स्मारकाचा इतिहास हा या अनुपस्थित कर्त्याचाच इतिहास आहे.

कोठाराच्या जागी १९६० च्या दशकात उभारलेल्या शिळेवर कर्ता होता. पण तो खोटा होता. गेस्टापो आणि हिटलरी पोलिसांनी १६०० माणसे जिवंत जाळली, अशी नोंद तीवर होती. वास्तविक १९४९ मध्येच वोम्झा येथील न्यायालयाने या प्रकरणी गावातील पोलिश रहिवाशांना शिक्षा ठोठावल्या होत्या. न्यायालयाच्या दप्तराला जे ठाऊक होते, ते दगडाने नाकारले. यान तोमाश ग्रॉस यांच्या ‘शेजारी’ या ग्रंथाने २००० मध्ये हा नकार मोडून काढला. पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेनेही चौकशीअंती २००२ मध्ये निष्कर्ष मांडला: चिथावणी जर्मनांची होती, प्रत्यक्ष कृत्य मात्र निदान ४० पोलिश पुरुषांचे, मृतांची संख्या किमान ३४०.

जुनी शिळा २००१ मध्ये हलविण्यात आली आणि त्याच वर्षी १० जुलैला नव्या स्मारकाचे अनावरण झाले. शिळेच्या मध्यभागी कोठाराच्या दाराची आठवण देणारे जळके लाकूड आहे. लेख पोलिश, हिब्रू आणि यिडिश अशा तीन भाषांत आहे. मारल्या गेलेल्या, जिवंत जाळल्या गेलेल्या ज्यूंचे तो स्मरण करतो. कोणी मारले, कोणी जाळले, हे तो सांगत नाही. खोटा कर्ता गेला, खरा आला नाही. क्रियापदाची विशेषणे झाली आणि विशेषणाला कर्ता लागत नाही. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष अलेक्सांदर क्वाश्निएव्स्की यांनी स्वतःच्या आणि ज्यांची सदसद्विवेकबुद्धी व्यथित झाली आहे अशा पोलिश नागरिकांच्या वतीने क्षमा मागितली. गावातील बहुसंख्य रहिवासी या समारंभापासून दूर राहिले. भाषण हवेत विरते, लेख उरतो.

तरीही या लेखाला केवळ पळवाट म्हणणे अन्यायाचे होईल. त्यातील पोलिश पाठात मृतांना या भूमीचे ‘सहधनी’ अशा अर्थाचा शब्द योजला आहे. ‘सह’ हा उपसर्ग एकट्याने अर्थपूर्ण होत नाही. तो दुसऱ्या धन्याला साक्षीला बोलावतो. ज्याच्यासह ही भूमी नांदती होती तो कोण, आणि त्या दिवशी तो कोठे होता? लेखाने जे क्रियापदात लपविले, ते नामात उघडे पडले आहे. उत्खननात मृतांच्या अवशेषांसोबत किल्ल्याही सापडल्या. घरी परतण्याची अपेक्षा असलेल्या माणसांजवळच किल्ल्या असतात.

परंतु उपसर्गावर भिस्त ठेवण्याचे मोलही आहे. २०२५ च्या जुलैमध्ये स्मारकाशेजारच्या खासगी जमिनीवर नव्या शिळा बसविण्यात आल्या. हत्या जर्मनांनीच केली, पोलिश रहिवाशांनी नव्हे, असे त्यांवरील मजकूर सांगतो. संहितेतील मौनाला वाचक अर्थ पुरवितो, हे समीक्षेला मान्य असलेले तत्त्व आहे. येद्वाब्नेने त्याची काळी बाजू दाखविली: कर्त्याची जागा रिकामी ठेवली, तर तेथे पूर्वीचा खोटा कर्ता परत येऊन बसू शकतो.