पहिला ताका

आज इचलकरंजीहून सुती कापडाचा पहिला ताका घरी आला. लहान मुलींचे फ्रॉक शिवून विकायचे, हे आता नक्की. कात्री लावण्याआधी हातभर तुकडा मोजून भिजवला, वाळवला आणि पुन्हा मोजला. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. ते गिऱ्हाइकाच्या घरी आटता कामा नये. पन्हा पाहून मगच कागदी साचे मांडले.

हिशेबाच्या वहीत कापड, अस्तर, काज-बटणं, ओव्हरलॉक, पिशव्या, सगळं लिहिलं. शिलाईची मजुरीही लिहिली, माझी स्वतःचीसुद्धा. घरातल्या बाईच्या श्रमांना किंमत लावायची नाही, ही आपल्याकडची जुनी सवय. घरगुती धंदे तिथेच तोट्यात जातात.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, ती करून टाकली. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, पण त्याआधी थोडे फ्रॉक विकून पाहीन. कोणतं माप लवकर संपतं हे कळल्याशिवाय माल भरण्यात अर्थ नाही.

मला टिकाऊ कपडा विकायचा आहे. शिवणीत भरपूर माया, खाली रुंद दुमड, म्हणजे पुढच्या वर्षी आईला उसवून उंची वाढवता येईल. कापड थोडं जास्त लागेल, तरी ही दुमड मी कमी करणार नाही.