नवले पुलाचा उतार तुम्ही खालून बघता, आम्ही वरून

पुण्यात नवले पुलावर अपघात झाला की दोन दिवस सगळीकडे तीच चर्चा. ड्रायव्हर प्यायलेला असणार. झोपलेला असणार. मोबाईलवर बोलत असणार. मग कुणीतरी लिहितं, "या ट्रकवाल्यांना भर चौकात फोडलं पाहिजे." तिसऱ्या दिवशी सगळे विसरतात. पुढच्या अपघातापर्यंत.

20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका गाडीने एकापाठोपाठ अनेक गाड्या ठोकल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये दोन अवजड गाड्यांच्या मध्ये एक कार सापडली, आग लागली, आतली माणसं जळून गेली. त्या माणसांच्या घरच्यांपुढे बोलायला माझ्याकडे तोंड नाही. पण त्याच उतारावरून मी महिन्यातून तीन-चार वेळा चाळीस टनाची गाडी खाली आणतो. वरून तो रस्ता कसा दिसतो हे कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

मी सातारा जिल्ह्यातला. चार वर्षं दुधाचा टेम्पो चालवला. आठ महिन्यांपासून ट्रेलरवर आहे. आमचा ट्रेलर म्हणजे सपाट फळी, बाजूला पालं नाहीत, वर छप्पर नाही. पुढे ओढणाऱ्या इंजिनाला आम्ही घोडा म्हणतो. कर्नाटकात बेल्लारीच्या बाजूने स्टीलची कॉइल भरायची आणि हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा करत चाकणला उतरवायची. सहाशे किलोमीटरच्या आसपास.

कॉइल बघितली नसेल तर सांगतो. पत्र्याची गुंडाळी, दिसायला सेलोटेपच्या रिळासारखी. वजन वीस-पंचवीस टन. खाली लाकडाचे गुटके, वरून साखळ्या. ती हलू नये म्हणून एवढंच. बंद कंटेनरमधला माल हलला तर पेटीत राहतो. आमचा हलला तर एक तर रस्त्यावर जातो, नाहीतर पुढे केबिनमध्ये येतो. करकचून ब्रेक मारला आणि साखळी ढिली असली, तर मधे थांबवायला काही नसतं. म्हणून भरून निघाल्यावर चाळीस-पन्नास किलोमीटरला थांबून साखळ्या परत आवळायच्या. गाडी हलली की गुटके बसतात आणि साखळी सैल पडते. हे मला आण्णांनी शिकवलं. आण्णा म्हणजे माझे उस्ताद, तीस वर्षं स्टेअरिंगवर. कुठल्या ट्रेनिंग सेंटरने नाही शिकवलं. माझ्या लायसन्सच्या टेस्टमध्ये माल बांधण्याबद्दल एक शब्द नव्हता.

आता दिवस कसा जातो ते ऐका. लोकांना वाटतं ड्रायव्हर म्हणजे सतत चालवणारा माणूस. आमचा अर्धा वेळ उभं राहण्यात जातो. कारखान्याच्या गेटवर टोकन घ्यायचं आणि नंबर यायची वाट बघायची. कधी आठ तास, कधी दीड दिवस. सावली नाही, संडास असला तर त्याला कुलूप. जेवण ट्रेलरच्या खालच्या पेटीतल्या स्टोव्हवर. अंघोळ पंपावर, तीसुद्धा तिथे डिझेल भरलं तर. त्या उभं राहण्याचा एक पैसा मिळत नाही, कारण भत्ता खेपेवर असतो. आणि चोवीस तास ताटकळून गाडी भरली की त्याच मिनिटाला शेठचा फोन येतो, "निघालास का? पार्टीला उद्या सकाळी माल पाहिजे."

म्हणजे माणूस जागून-जागून थकल्यावर त्याची खरी ड्युटी सुरू होते. 1961 साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला, त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास लिहिलंय. आण्णांना विचारलं, तुम्ही कधी आठ तासांनी उतरलात का? ते म्हणाले, "एकदा. टायफॉईड झाला होता तेव्हा."

मशिनरीचं सांगतो, कारण मूळ मुद्दा तिथेच आहे.

टायर फुटणं तर रोजचंच. मागच्या धुरांना रबर चढवलेले जुने टायर असतात, उन्हाळ्यात त्यांची सालं निघतात. हायवेवर काळी सालं पडलेली दिसतात ना, ती आमचीच. सकाळी उठून हातोडीने प्रत्येक टायर वाजवून बघायचा. टण्ण वाजला तर हवा आहे, धप्प वाजला तर गेली. जोडीतला आतला टायर बसला तर डोळ्याला दिसत नाही, पण त्याचं ओझं बाहेरच्यावर येतं, तो तापतो आणि फुटतो.

दुसरं दुखणं युरियाचं. बीएस-6 गाड्यांना डिझेलबरोबर युरियाचं पाणी लागतं, धूर साफ करायला. रस्त्यावर स्वस्तातला कॅन घेतला आणि माल भेसळीचा निघाला तर गाडीचा कॉम्प्युटर ओळखतो आणि इंजिनाची ताकद कमी करतो. मागच्याच महिन्यात आमच्याच शेठच्या दुसऱ्या गाडीचं झालं. भर चढावर गाडी गोगलगाय झाली, मागे दोन किलोमीटर रांग. लोक त्या पोराला शिव्या देत होते. युरिया कुठला घ्यायचा हे ठरवणारा घरी एसीत बसला होता.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. ब्रेक.

पेपरात येतं, "ब्रेक फेल झाल्याने अपघात." आमच्या गाडीला हवेचे ब्रेक असतात. हवा पूर्ण गेली तर घोड्याच्या मागच्या चाकांतल्या स्प्रिंगा सुटतात आणि ब्रेक आपोआप लागतो. मग फेल कसा होतो? बहुतेक वेळा तो तापतो. लांब उतारावर पाय ब्रेकवरच ठेवला की ड्रम तापून फुगतो, लायनर जळायला लागतं आणि पकड सुटते. तुम्ही पेडल तळाला नेलं तरी घासायला काही उरत नाही. स्प्रिंगचा ब्रेकसुद्धा त्याच ड्रमवर, त्याच लायनरवर लागतो, म्हणून तोही कामाला येत नाही. उपाय एकच: उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गियर टाकायचा, इंजिनाने गाडी धरायची आणि ब्रेक अधूनमधून मारायचा.

मग ड्रायव्हर उतारावर न्यूट्रल का मारतात?

हा प्रश्न पोलीस विचारतात, चॅनेलवाले विचारतात, तुम्हीही विचारता. उत्तर खेपेच्या हिशोबात आहे. शेठ डिझेल अ‍ॅव्हरेजवर देतो. इतके किलोमीटर, इतके लिटर. जास्त लागलं तर ड्रायव्हरच्या भत्त्यातून कट. वाचलं तर ड्रायव्हरचं. आता ज्याला दोन लिटर वाचले तर घरी दोनशे रुपये जास्त पाठवता येतात, त्याला बोगद्याबाहेरचा तो सलग उतार फुकटचे किलोमीटर वाटतो. काही जण तर इंजिनच बंद करायचे. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, स्टेअरिंग जड. चाळीस टन नुसतं देवाच्या भरवशावर.

गंमत म्हणजे नव्या गाड्यांत याने डिझेल वाचतही नाही. गियरमध्ये ठेवून रेसवरून पाय काढला की उतारावर इंजिनात डिझेल जाणंच बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला थोडं लागतं. म्हणजे माणसं मरतात ती न वाचणाऱ्या डिझेलसाठी. हे ड्रायव्हरला समजावायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. आठ महिन्यांत ती दहा मिनिटं मला कुणी दिली? कंपनीने नाही, आरटीओने नाही, शेठने नाही. आण्णांनी दिली, चहाच्या टपरीवर.

आता माझ्यावर आलेली गोष्ट. नाव कुणाचंच घेत नाही.

दोन महिन्यांपूर्वी माझा ट्रेलर कामाला टाकला होता, म्हणून मला रात्री दुसरा भरलेला ट्रेलर जोडून दिला. निघालो. पन्नास किलोमीटरला साखळ्या आवळायला थांबलो आणि सवयीने चाकांजवळ हात फिरवला. घोड्याचे ड्रम इतके गरम की हात जवळ नेववत नव्हता. ट्रेलरचे मागचे दोन धुरे गार. एकदम गार. म्हणजे ते ब्रेक मारतच नव्हते, सगळं वजन पुढची चाकं एकटी धरत होती. टॉर्च घेऊन खाली शिरलो. दोन्ही धुऱ्यांचे हवेचे पाईप दुमडून तारेने बांधून टाकलेले.

हे कुणी का करतं? चेंबरमधला रबर फाटला की हवा गळते, प्रेशर बनत नाही, गाडी जागची हलत नाही. चेंबर बदलायला पैसा आणि वेळ लागतो. पाईप दुमडायला दोन मिनिटं. गाडी लगेच चालू. सपाट रस्त्यावर काही कळतही नाही. कळतं ते उतारावर, आणि तेव्हा ज्याच्या हातात स्टेअरिंग असतं त्याच्यावर गुन्हा दाखल होतो.

शेठला फोन लावला. म्हणाले, "अरे, सगळे तसंच नेतात. हळू ये. चाकणला खाली कर, मग बघू."

मी म्हटलं, "शेठ, मधे नवले पूल आहे."

"मग? तू काय एकटाच जातोस का तिथून?"

मी गाडी ढाब्याला लावली आणि सांगितलं, ब्रेक लागल्याशिवाय चाक फिरणार नाही. सकाळी हुबळीहून मिस्त्री आला. दोन चेंबर, लायनर, मजुरी धरून साडेनऊ हजार झाले. चौदा तास गेले. माल उशिरा पोचला. शेठने त्यातले चार हजार माझ्या भत्त्यातून कापले, "तुझ्या हट्टापायी पार्टीने पैसे कापले" म्हणून. पुढची खेप दुसऱ्याला दिली. नऊ दिवस मी घरी बसून होतो. बायको काही बोलली नाही, पण पोराच्या फीची पावती तिने दाराला अडकवून ठेवली होती.

त्या खेपेला बोगद्याच्या बाहेर मी खालच्या गियरमध्ये मुंगीच्या चालीने उतरलो. मागून हॉर्न चालू होते. एका गाडीवाल्याने शेजारून काच खाली करून शिवी घातली. त्याला काय सांगू, की बाबा, मी तुझ्याचसाठी हळू चाललोय?

जानेवारी 2024 मध्ये ड्रायव्हरांनी संप केला तेव्हा पंपावर रांगा लागल्या म्हणून लोक चिडले होते. अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, त्या कलमाविरुद्ध तो संप होता. नवी न्याय संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं. माझं मत सांगतो, काही ड्रायव्हर भावांना पटणार नाही. जखमीला टाकून पळणं वाईटच. पण दहा वर्षांची भीती घातल्याने दुमडलेला पाईप सरळ होत नाही. पाईप दुमडायला लावणाऱ्याला कुठलं कलम आहे?

वजन जास्त भरलं तर वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. सळई फळीबाहेर आली तर वीस हजार. चांगलं आहे, असावं. म्हणून आता मालक वजनाला घाबरतो, काट्यावर गाडी मोजून घेतो. तसा तो ब्रेकला का घाबरत नाही? कारण काट्यावर वजन दिसतं, गार ड्रम कुणी बघत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. बोगद्याच्या अलीकडे खेड शिवापूरच्या टोलवर अवजड गाड्या थांबतातच, तिथे ब्रेकची तपासणी करा. हात लावून, नाहीतर तापमान बघायचं यंत्र घेऊन. एका गाडीला दोन मिनिटं लागतील. उतारापूर्वी अवजड गाड्यांना उभं राहून ड्रम थंड करायला जागा द्या. अपघात झाला की ड्रायव्हरच्या रक्ताबरोबर गाडीच्या दुरुस्तीची वही आणि मालकाचे फोनही तपासा. डिझेलची तूट भत्त्यातून कापणं बंद करा. आणि कारखान्याच्या गेटवरचे तास ड्युटीत धरा.

तुमच्याकडूनही एक हवंय. पुढच्या वेळी त्या उतारावर एखादा ट्रेलर उजवीकडे न येता, चार पिवळे दिवे लुकलुकत हळूहळू उतरत असेल, तर हॉर्न मारू नका. त्याच्या मागे दोन मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या. तो त्याचं काम बरोबर करतोय.

आणि ड्रायव्हर भावांनो, निघायच्या आधी एकदा खाली वाकून पाईप बघा. भत्ता कापतील. कापू द्या.