सालगडी

पहिल्या नोकरीला तीन महिने झाले होते. बाबांनी फोनवर विचारलं, "माय, तू दिवसभर करते काय नेमकं?"

मी समजावून सांगितलं. एका परदेशी सिनेमात जनावरांचा कळप पळतो. नायकाच्या मागे, लांब, धुळीत. त्यातली काही जनावरं मी चालवते.

बाबा जरा थांबले. मग म्हणाले, "म्हंजे कॉम्प्युटरवर ढोरंच राखते त."

मला इतकं हसू आलं की शेजारच्या टेबलवरच्यांनी वळून पाहिलं. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

आमचं गाव मेहकर तालुक्यात. तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. माझ्या अ‍ॅनिमेशनच्या कोर्सची फी साडेतीन लाख होती. थोडे पैसे सोयाबीनचे, बाकी कर्ज. त्यामुळे पहिली नोकरी निवडताना 'मला काय बनवायचंय' हा प्रश्न आलाच नाही. हप्ता कोण भरू देईल, एवढाच प्रश्न होता. उत्तर होतं मोठा स्टुडिओ.

आणि त्या स्टुडिओनं मला खूप दिलं. रोज डेलीज असायच्या. अंधाऱ्या खोलीत सगळ्यांचे शॉट मोठ्या पडद्यावर लागायचे. सुपरवायझर एखाद्या फ्रेमवर थांबून काय चुकलं ते सांगायचे. माझ्या पहिल्या शॉटवर ते म्हणाले, "तुझं जनावर चालत नाही, सरकतंय. वजन कुठाय?" पोळ्याला घरी गेले तेव्हा शेजारच्या काकांची बैलजोडी मोबाइलवर शूट केली आणि हळू करून पाहिली. पुढच्या पायावर भार आला की खांद्याचं हाड वर उचलतं, आणि मान किंचित खाली जाते. लहानपणापासून बैल बघत आले होते, पण हे कधी दिसलं नव्हतं. सेकंदाला २४ फ्रेम. आठवडाभर राबून माझे चार सेकंद पास व्हायचे. पण ते चार सेकंद पक्के असायचे.

फक्त, तो कळप कशाला घाबरून पळतोय हे मला सिनेमा थिएटरात पाहिल्यावर कळलं.

करार अकरा महिन्यांचा होता. काम संपलं, पुढचा प्रोजेक्ट आला नाही, आणि आमच्यापैकी अनेकांचे करार वाढवले गेले नाहीत. घरी सांगितलं तेव्हा बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "तू त सालगडीच झाली मंग."

शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा माणूस. गुढीपाडव्याला बोली ठरते, काही उचल आधी मिळते, आणि पुढच्या पाडव्याला हिशोब होतो. पाऊस पडो न पडो, ठरलेली रक्कम मिळते. पण वावरात काय पेरायचं ते मालक ठरवतो. बाबा स्वतः दोन वर्षं सालगडी होते, म्हणून त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते नुसती ओळख पटवत होते.

त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२५मध्ये, टेक्निकलर कोसळली. १९१५ साली सुरू झालेली कंपनी. बंगळुरू आणि मुंबईत तिचे स्टुडिओ होते. भारतातल्या हजारो कलाकारांचं काम गेलं. माझ्या बॅचचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्या आठवड्यात रेझ्युमेंनी भरून गेले. मोठं म्हणजे सुरक्षित, हे आम्हाला वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. आम्हीच धरून चाललो होतो.

मग मी पुण्यात, कोथरूडच्या एका फ्लॅटमधल्या नऊ जणांच्या स्टुडिओत लागले. पगार जवळपास निम्मा. स्टोरीबोर्ड, बॅकग्राउंड, अ‍ॅनिमेशन, कधी आवाज देणं, सगळं करायचं. पावसाळ्यात एक काम आलं. कीटकनाशक फवारताना काळजी कशी घ्यावी, यावर नव्वद सेकंदांची फिल्म. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. मी हट्टानं ते काम मागून घेतलं. क्लायंटला हिरवंगार गव्हाचं शेत हवं होतं. मी कपाशी काढली, काळी माती काढली, पाठीवरचा पंप काढला, आणि दिग्दर्शकानं ते क्लायंटच्या गळी उतरवलं. मोठ्या स्टुडिओत माझ्या म्हणण्यावरून पिकाचं एक पानही बदललं नसतं.

फिल्म द्यायच्या दोन दिवस आधी दिग्दर्शकाला विचारून बाबांना पाठवली. तासाभरानं फोन आला.

"पानं कुन्या अंगानं लवून रायली पाय बरं."

मी पाहिलं. कपाशीची पानं फवारणाऱ्या माणसाच्या दिशेनं झुकत होती.

"वारं त्याच्या तोंडावर येऊन रायलं. औषध समदं नाकातोंडात जाईन त्याच्या."

फवारणी वाऱ्याच्या दिशेनं करायची असते, वाऱ्याकडे तोंड करून नाही. फिल्मचा आवाज हेच सांगत होता, आणि माझं चित्र उलटं दाखवत होतं. स्टुडिओत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. क्लायंटनं तर फिल्म मंजूरही केली होती. मी दिग्दर्शकाला सांगितलं. तो डोकं धरून बसला, मग म्हणाला, "कर." आम्ही तिघांनी दोन रात्री जागून चौदा सेकंद पुन्हा केले. जास्तीचे पैसे मिळाले नाहीत. ठरलेलेही पाच महिन्यांनी आले. त्यातला एक महिना नऊ जणांना पगार उशिरा झाला, आणि माझा हप्ता चुकला.

छोट्या स्टुडिओतलं स्वातंत्र्य मी असं पाहिलंय. चूक सुधारायची मुभा असते, आणि तिची किंमत त्या खोलीत बसलेली माणसंच भरतात. त्या चौदा सेकंदांचा मला आजही अभिमान आहे. पण चुकलेल्या हप्त्याचा बँकेतून आलेला फोन बाबांनी घेतला होता, मी नाही.

आमच्या क्षेत्रातली मोठी माणसं या दोन्हींतून गेली आहेत. राम मोहन १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून फिल्म युनिटमध्ये लागले, म्हणजे सरकारी नोकरीत. स्वतःचा स्टुडिओ काढला तो १९७२ साली. युगो साको यांच्यासोबत त्यांनी केलेला 'रामायण' २०२५च्या जानेवारीत पुन्हा थिएटरात लागला तेव्हा मी पाहिला. गीतांजली राव त्यांच्याच स्टुडिओत काम करता करता अ‍ॅनिमेशन शिकल्या. नंतर 'प्रिंटेड रेनबो' त्यांनी एकटीनं, हातानं फ्रेम रंगवत केली. २००६ साली ती कान महोत्सवातल्या क्रिटिक्स वीकमध्ये गाजली. 'बॉम्बे रोझ'पर्यंत येता येता मात्र त्यांच्यासोबत कलाकारांची पूर्ण फौज होती. नोकरी, एकटीचं काम, मग मोठी टीम. मी 'मोठा की छोटा' असा कायमचा निकाल शोधत होते. त्यांनी प्रत्येक वेळी त्या वेळचाच निर्णय घेतला असावा.

यंदा पाडव्याच्या आधी एका मोठ्या स्टुडिओचा फोन आला. एक वर्षाचा करार, दुप्पट पगार. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "सालगडी राह्यनं वाईट नाही माय. पन साल सरल्यावर जायाला आपलं वावर पायजे." त्या दोन वर्षांत त्यांनी आमचे तीन एकर बटईनं दिले होते. विकले नव्हते.

मी करार नीट वाचला. पहिल्या वेळी वाचलाच नव्हता. त्यात लिहिलं होतं, नोकरीच्या काळात मी जे काही तयार करीन, घरी बसून केलेलंसुद्धा, त्याचे हक्क कंपनीचे. शेवटी एक पान जोडलं होतं: आधीपासून सुरू असलेली तुमची कामं इथे लिहा, ती यातून वगळली जातील. पाच रिकाम्या ओळी.

माझ्याकडे लिहायला काही नव्हतं. कळप दुसऱ्याचा होता. फवारणीचे चौदा सेकंदही क्लायंटचे. चार वर्षं रोज चित्रं काढून माझ्या नावावर वितीएवढं वावर नव्हतं.

सही करायला मी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ रात्रींत मोबाइलवरचा बैलांचा तो जुना व्हिडिओ काढला आणि दोन मिनिटांच्या फिल्मचा स्टोरीबोर्ड केला. संध्याकाळी ढोरं घरी येतात, आणि एक येत नाही. एवढीच गोष्ट. कच्ची आहे. शेवट अजून सापडलेला नाही.

नवव्या दिवशी सही केली. हप्ता भरायचाय, आणि वजन दाखवायचं अजून पुरतं जमलेलं नाही, तेही शिकायचंय. शेवटच्या पानावर पहिल्या ओळीत लिहिलं: 'ढोरं', दोन मिनिटं, काम सुरू.

चार ओळी रिकाम्या राहिल्या.