दाखल्यांचं टेबल

जूचंद्र म्हटलं की लोकांना डोंगरावरची चंडिकादेवी आठवते, नाहीतर रांगोळी. आमच्या पोरांच्या बोटांतून उतरलेली व्यक्तिचित्रं बघायला दिवाळीत लांबून माणसं येतात. पण बारावीच्या निकालानंतर याच गावातल्या घराघरात दुसरीच धांदल उडते, ती दाखल्यांची.

मुंबई विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात शिकताना मी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं ते दहा वाढीव गुणांसाठी. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. झाडं लावली, प्रभातफेऱ्या काढल्या, प्रमाणपत्र घेतलं. पदवीनंतर शेजारचा एक मुलगा फाईल घेऊन दारात आला. म्हणाला, "दादा, जातीचा पुरावा मागतायत. आमचा आजा तर शाळेत गेलाच नाय."

आम्ही आगरी, म्हणजे इतर मागासवर्गीय. जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असला की काम सोपं. पण ज्याचं आयुष्य मिठागरात गेलं, त्याच्याकडे तो कुठून असणार? अशा वेळी कामाला येतो गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात असतात आणि नावापुढे बहुधा जातही असते. त्या मुलाच्या आत्याच्या जन्माची नोंद अशीच सापडली. पान पिवळं पडलेलं, अक्षर मोडी. सेवा योजनेत माझ्यासोबत असलेल्या इतिहासाच्या एका विद्यार्थिनीला मोडी येत होती. तिने ओळीवर बोट ठेवून आत्याच्या बापाचं नाव वाचलं आणि पुढचा शब्दही वाचला : आगरी. मग नक्कल, लिप्यंतर, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, असं एकेक मार्गी लागलं.

तेव्हापासून आम्ही काही माजी विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी टेबल मांडून बसतो. कोणी बँकेत, कोणी शाळेत नोकरीला. महाविद्यालयात शिकणारी मुलं ऑनलाइन अर्ज भरतात, आम्ही कागद तपासतो. आजोबांच्या कागदावर एक आडनाव, बापाच्या आधारवर दुसरं, असले घोळच जास्त. नॉन-क्रीमीलेअर दाखल्यासाठी तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं, हे पुष्कळांना प्रवेशाच्या तोंडावर कळतं. जात पडताळणी तर त्याच्याही पुढची पायरी. पालक घाबरून एजंट गाठतात आणि नुसता अर्ज भरायचे हजारो रुपये मोजतात.

म्हणून दिवाळीतल्या रांगोळी प्रदर्शनाचा उपयोग करायचं ठरवलं. युवा महोत्सवात रांगोळी काढणाऱ्या एका मुलीने दाराशीच लागणाऱ्या कागदांची यादी रांगोळीत रेखली. चाळलेली पांढरी रांगोळी, काळी जमीन आणि अक्षरं अशी की छापल्यासारखी वाटावीत. आत चित्रं बघायला निघालेले आईबाप आधी तिथे थांबले, मोबाईलवर फोटो काढून घेऊन गेले. प्रवेशाला तेव्हा सहा-सात महिने होते. तेवढा वेळ हाताशी असला तर तहसीलची चक्कर जिवावर येत नाही.

विद्यापीठाने आम्हाला तास मोजून सेवा करायला लावली, ते बरंच झालं. सवय तिथेच लागली. पण गावाला त्या तासांपेक्षा अर्ज कसा वाचायचा हे जाणणारा माणूस जास्त हवा असतो. तुम्ही पदवीधर असाल, तर शेजारच्या घरात अकरावीतलं कोण आहे ते बघा. त्याच्या आजोबांचा कागद आत्ताच शोधायला घ्या, निकालाची वाट बघू नका.