मधून बाहेर, थोडे थोडे

आमच्या जुन्या मोटारीचे इंजीन सारखे तापू लागले. तेल दुधाळ झाले. अब्बा म्हणाले, "हेड गॅस्केट फाटले. पाणी तेलात मिसळते आहे."

सुटीत अंगणातच आम्ही हेड उतरवले, पृष्ठभाग साफ केला, नवे गॅस्केट ठेवले. अब्बा नमाजला गेले. तेवढ्यात मी एका टोकापासून बोल्ट करकचून आवळले.

संध्याकाळी इंजीन सुरू केले, तर सांध्यातून पाणी झिरपले! अब्बा कोड्यात पडले. मी घाबरत चूक कबूल केली. एकदा दाबलेले गॅस्केट पुन्हा चालत नाही. अब्बांनी मुकाट्याने दुसरे आणले आणि पाना माझ्याच हातात दिला.

"मधून बाहेर, थोडे थोडे. म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो."

मित्रांनो, त्या दिवशी इंजीनही दुरुस्त झाले आणि मीही.