बारीक रेषेचा भरवसा

वर्णपटात ठळक रेषा दिसली की नवखा माणूस खूश होतो. मी कपाळाला हात लावतो.

दूरच्या उष्ण ताऱ्याचा प्रकाश वाटेतल्या वायूतून येतो, आणि त्या वायूतले अणू आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश गिळतात. ती खाच मोजायची आणि अणू किती ते काढायचे, कागदावर काम एवढंच. १९०४ साली पॉट्सडॅमला खगोलशास्त्रज्ञ हार्टमान मृगाच्या त्रिकांडातला एक जोडतारा पाहत होते. ताऱ्याच्या रेषा मागेपुढे सरकत, पण कॅल्शियमची एक रेषा काही हलेना. ती ताऱ्याची नव्हतीच, वाटेतल्या वायूची होती.

मला ऑक्सिजन मोजायचा असतो, अतिनील प्रकाशात, म्हणजे हबल दुर्बिणीच्या वर्णपटांवर. १३०२ अँग्स्ट्रॉमची रेषा एवढी खोल की तळाला टेकलेली. तिच्यावरून अणू मोजणं म्हणजे भरून वाहणाऱ्या बादलीवरून पाऊस मोजणं. कामाची रेषा १३५६ची, चाळीसेक हजार पटींनी दुबळी, पुष्कळदा नॉइजमध्ये हरवणारी. पण ती सापडली तर हिशेब सरळ असतो. (हायड्रोजनचं उलटं: त्याची लायमन-आल्फा इतकी अतोनात ठळक, की तिचे दोन्हीकडे पसरलेले पंखच बरोबर आकडा देतात.)

खरी कसोटी कंटिन्युअमची. खाच नसती तर प्रकाशाची पातळी कुठून गेली असती, ती रेघ आपणच आखायची. दुबळ्या रेषेला ती केसभर वरखाली झालेलीही सोसत नाही. सॉफ्टवेअर एक गोंडस त्रुटी छापून देतं. मी तिच्यावर विसंबत नाही. पटण्याजोग्या रेघांतली सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची आखतो, आणि दोन्ही उत्तरांतलं अंतर हीच त्रुटी धरतो.

१९९८ साली मेयर, जुरा आणि कार्डेली यांनी याच दुबळ्या रेषेवरून १३ ताऱ्यांच्या दिशांनी दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे ३१९ ऑक्सिजन अणू मोजले. वाटेतल्या वायूतही एकूण प्रमाण सूर्याइतकंच असावं असं धरत, आणि तेव्हा सूर्याचा प्रचलित आकडा याच्या दुपटीहून जास्त होता. उरलेला ऑक्सिजन धुळीत गेला म्हणावं, तर त्याला बांधून ठेवायला सिलिकॉन, मॅग्नेशियम, लोह पुरेना. पुढे सूर्याचाच आकडा खाली आला, २००९च्या मोजणीत ४९०वर. वायूचा एकही फोटॉन नव्याने न मोजता हरवलेल्यातला मोठा हिस्सा जागेवर सापडला. म्हणून मी आता तक्त्यात वायूतला आकडा आधी आणि निराळा लिहितो. सूर्याशी तुलना शेजारच्या रकान्यात, कोणता सूर्य धरला ते सालासकट.