प्लेग नव्हे, १९१८ चा ताप!

सापडली! आमची पणजी अखेर सापडली! घरात तिच्याबद्दल एवढंच सांगत, "पुण्याच्या प्लेगात गेली." तिथीसुद्धा कुणाला ठाऊक नव्हती. सवाष्ण गेली म्हणून पितृपक्षात अविधवा नवमीला तिचं पान वाढत, बस्स. पुण्याचा प्लेग म्हटलं की १८९७ साल डोळ्यांपुढे येतं. प्लेग अधिकारी रँडसाहेबाच्या घरझडत्या, रोग्यांची सेवा करताना १० मार्चला प्लेगनेच गेलेल्या सावित्रीबाई फुले, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर झाडलेल्या गोळ्या. पण माझ्या आजोबांचा जन्म १९१६ चा! त्यांची आई १८९७ मध्ये कशी जाईल?

धागा मिळाला तो नाशिकला. आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांच्या हातची मोडी नोंद निघाली: शके १८४०, कार्तिक मास, पत्नीच्या अस्थी घेऊन आलो. शके १८४० चा कार्तिक म्हणजे नोव्हेंबर १९१८! अंगावर सर्रकन काटा आला. त्याच्या आधीचेच दोन महिने इन्फ्लुएन्झाच्या दुसऱ्या लाटेचे! जूनमध्ये मुंबईच्या गोदीत दिसलेली ती साथ सप्टेंबरात अशी उसळली की देशभरात कोटीहून कितीतरी अधिक माणसं गेली. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, इतकी.

मग गाठली पुण्याची जुनी मृत्युनोंदवही. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्गात शिकलेली मोडी इथे केवढी कामाला आली! ऑक्टोबरची पानं उलटता उलटता ती दिसलीच. कसबा पेठ, वय २६, कारण: ताप.

नुसता 'ताप'? हो, आणि तोच खरा पुरावा! त्या काळी मृत्यूची कारणं ठरावीक सदरांत बसवत: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार. प्लेगला स्वतंत्र सदर होतं, इन्फ्लुएन्झाला नव्हतं. त्यामुळे १९१८ चे बहुतेक बळी तापात नाहीतर श्वसनविकारांत जमा झाले. मी तिच्या ओळीच्या वर-खाली वाचत गेले. ताप, ताप, पुन्हा ताप! आणि वयं? २२, ३१, २८, ३५! एरवी ताप तान्ह्यांना आणि म्हाताऱ्यांना नेतो; या साथीने धडधाकट तरुण उचलले, हिंदुस्थानात तर पुरुषांहून बायका जास्त. एकट्या तिच्या ओळीने एवढं सांगितलं नसतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरलेल्या त्या पानाने सगळं सांगितलं!

तुमच्याही घरात कुणीतरी 'प्लेगात गेलं' असेल. मग शोधा! अविधवा नवमीला कुणाकुणाचं पान वाढतात ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा, मुलांची जन्मसालं जुळवा, क्षेत्रीच्या उपाध्यायांची वही उघडायला लावा. आणि नोंद सापडली की आपल्या माणसापाशी थांबू नका, अख्खं पान वाचा. येत्या अविधवा नवमीला मी आमच्या पोरांना पणजीची पुरती हकिकत सांगणार आहे: साल, पेठ, वय आणि साथीचं खरं नाव!